टायटॅनियमचा फ्रिक्शन वेल्ड अल्ट्रासॉनिकने तपासायचा कसा?

नवीन मुलगा यूटीच्या, म्हणजे अल्ट्रासॉनिक तपासणीच्या, टेबलावर आला की मी त्याच्या हातात लगेच प्रोब (लहरी पाठवणारा आणि घेणारा भाग) देत नाही. आधी टायटॅनियम बारचा एक तुकडा देतो. फ्रिक्शन वेल्ड केलेला, म्हणजे घर्षणाने जोडलेला, उभा कापलेला, पॉलिश करून आम्लाने एच केलेला. म्हणतो, "यात सांधा कुठे आहे ते दाखव." आर्क वेल्डिंगमधून आलेला असेल तर तो बीड शोधतो, रूट शोधतो. त्यातलं काहीच नसतं. मध्ये वेगळ्या छटेचा एक अरुंद पट्टा असतो, कडेकडे थोडा रुंद होत गेलेला. बस्स, तेवढाच सांधा.

हा लेख त्या मुलासाठी आहे. यूटीची तोंडओळख झालेली आहे, स्टीलवर थोडा हात बसलाय, आणि आता समोर टायटॅनियम आलंय, असं मी धरून चालतो. उदाहरणासाठी एकच जॉब घेऊ: ४० मिमी व्यासाचे, प्रत्येकी ६० मिमी लांबीचे 'सिक्स-फोर'चे दोन तुकडे, रोटरी मशीनवर जोडलेले. सिक्स-फोर म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियमचा सगळ्यात जास्त चालणारा मिश्रधातू.

पायरी १: प्रोब बाजूला ठेवा, वेल्डचा कागद वाचा

रोटरी मशीनमध्ये एक तुकडा फिरतो, दुसरा त्यावर दाबला जातो. लिनिअर मशीनमध्ये फिरण्याऐवजी एक तुकडा काही मिलिमीटर पुढे-मागे घासतो. जेट इंजिनाच्या डिस्कवर पाती जोडायला ही दुसरी पद्धत वापरतात. युरोफायटर विमानाच्या ईजे२०० इंजिनातले ब्लिस्क, म्हणजे पाती आणि डिस्क एकसंध असलेले भाग, हे त्याचं ठळक उदाहरण. दोन्हींत धातू वितळत नाही. घर्षणाने तापून तो साधारण ९९५ अंशांचा बीटा ट्रान्सस (धातूची स्फटिकरचना बदलते ते तापमान) ओलांडतो, लोण्यासारखा मऊ होतो आणि जुना पृष्ठभाग कडेने कॉलरसारखा बाहेर फेकला जातो. या कॉलरला शॉपमध्ये फ्लॅश म्हणतात. पृष्ठभागावरचा ऑक्साइड, तेल, बोटांचे डाग, जी काही घाण असेल ती या फ्लॅशबरोबर बाहेर जायला हवी. सगळा खेळ एवढाच आहे.

वितळणं नाही म्हणून वितळण्याचे दोष नाहीत. गॅसची छिद्रं नाहीत, स्लॅग नाही. मग राहतं काय? पुरेसं साहित्य बाहेर फेकलं गेलं नाही तर आत अडकलेली घाण, आणि दाब किंवा उष्णता कमी पडल्याने न जुळलेला भाग. हे दोष कुठे असतील याचा अंदाज यंत्रावरूनच बांधता येतो. फिरणाऱ्या भरीव बारच्या केंद्रात वेग शून्य असतो, त्यामुळे तिथलं तापणं बाहेरून आत येणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतं. तेव्हा रोटरीत केंद्राकडे संशयाने बघायचं. लिनिअरमध्ये पुढे-मागे होताना कोपरे क्षणभर उघडे पडतात, हवा लागते, थंडही होतात. तिथे कोपऱ्यांकडे बघायचं.

म्हणून मशीनची नोंद मागून घ्या: दाब, वेग, वेळ, आणि मुख्य म्हणजे दोन्ही तुकडे मिळून लांबी किती घटली तो आकडा, म्हणजे बर्न-ऑफ. आपल्या जॉबमध्ये समजा तो ६ मिमी आहे. म्हणजे एकूण लांबी १२० ऐवजी ११४, आणि सांधा दोन्ही टोकांपासून ५७ मिमीवर. हा ५७ आकडा वहीत लिहून ठेवा, आता सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

पायरी २: जॉब कोणत्या अवस्थेत तपासायचा ते ठरवा

हे चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. फ्लॅश लेथवर काढून टाकलेला हवा, पण अंतिम माप काढलेलं नको. कारण साधं आहे. प्रोब ज्या पृष्ठभागावर टेकतो त्याच्या लगेच खालचे काही मिलिमीटर पहिल्या एकोमध्ये, म्हणजे परत आलेल्या पहिल्या आवाजात, बुडालेले असतात, आणि बारच्या अगदी कडेला बीमचा अर्धा भाग धातूच्या बाहेर किंवा बाजूच्या भिंतीवर जातो. या दोन जागा आंधळ्या. तिथे नंतर कापून टाकायचं साहित्य असेल तर चिंता नाही. विमान उद्योगात याला सॉनिक शेप म्हणतात: सरळ कडा, सपाट बाजू, वर दोन-तीन मिलिमीटर जादा माल. सुंदर वळणाचा तयार भाग यूटीला आणून देणारा प्रॉडक्शनवाला हे आपल्या व्यवसायाचं जुनं दुखणं आहे. त्याला गोड बोलून परत पाठवायला शिका.

टोकं समांतर आणि गुळगुळीत हवीत, खडबडीतपणा ३.२ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. लेथच्या खोल रेषा राहिल्या असतील तर त्याच पडद्यावर गवतासारख्या उगवतात.

पायरी ३: आकडे बदला, स्टील विसरा

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत सकाळी स्टीलचे शाफ्ट तपासले आणि दुपारी त्याच सेटिंगवर टायटॅनियम घेतलं. यंत्रात वेग होता ५९२० मीटर प्रति सेकंद. सिक्स-फोरमध्ये सरळ लहरीचा वेग ६१०० च्या आसपास असतो. ५७ मिमीवरचा सांधा त्यामुळे पडद्यावर ५५.३ वर आला, मी गेट, म्हणजे पडद्यावरची तपासायची खिडकी, लावला होता ५६ ते ५८, आणि दोन तास मी सांध्याच्या पलीकडचा निरोगी धातू तपासत बसलो. सगळे तुकडे अर्थातच पास. साहेबांनी शेवटच्या तुकड्याचा बॅकवॉल, म्हणजे पलीकडच्या टोकाचा एको, पाहिला तेव्हा तो ११४ ऐवजी ११०.६ वर उभा होता. तेव्हापासून माझा नियम आहे: गेट लावण्याआधी बॅकवॉल आणि कॅलिपर जुळवायचे. ते जुळले नाहीत तर पुढे जायचं नाही.

आडव्या लहरीचा, म्हणजे शिअरचा, वेग सुमारे ३१३० धरा. नेमका वेग मिश्रधातू आणि उष्णतोपचाराप्रमाणे थोडा सरकतो, म्हणून पुस्तकी आकडा घेऊन थांबू नका. त्याच मालाच्या ज्ञात जाडीच्या तुकड्यावर मोजून घ्या.

शिअरचा वेग बदलला की कोनही बदलतो, आणि हे बरेच जण विसरतात. स्टीलसाठी बनवलेली ७० अंशांची वेज (प्रोबला कोन देणारी पाचर) टायटॅनियमवर ठेवली तर बीम साधारण ६५-६६ अंशांत जातो. ४५ ची वेज ४३ च्या जवळपास. वेजवर कोरलेला अंक हा स्टीलचा अंक आहे.

पायरी ४: प्रोब निवडा

५ मेगाहर्ट्झला सिक्स-फोरमध्ये तरंगलांबी १.२ मिमी, १० ला ०.६ मिमी. बारीक दोष हवा तर वरची वारंवारता हवी, हे बरोबर. पण टायटॅनियमचे कण आवाज विखुरतात आणि कण तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असताना हे विखुरणं वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढतं. वारंवारता दुप्पट केली की विखुरणं सोळापट. म्हणून सरळ १५ वर उडी मारू नका. टोकावरून ५७ मिमी आत बघायचं असेल तर ५ मेगाहर्ट्झ, १० मिमी व्यासाचा सरळ प्रोब ही बरी सुरुवात. त्याचं निअर फील्ड, म्हणजे प्रोबजवळचा बीम स्थिर नसलेला भाग, टायटॅनियममध्ये २० मिमीच्या आसपास संपतं, म्हणजे सांधा आरामात त्याच्या पलीकडे आहे.

खरं काम मात्र पाण्याच्या टाकीत होतं, फोकस्ड प्रोबने. पाण्यात वेग १४८०, टायटॅनियममध्ये ६१००. म्हणजे टायटॅनियमचा १ मिमी हा पाण्याच्या सुमारे ४.१ मिमीइतका फोकस खातो. समजा एका बाजूने बार कापून सांधा २५ मिमीवर आणला आणि प्रोबचा पाण्यातला फोकस १५० मिमी आहे. २५ गुणिले ४.१ म्हणजे जवळपास १०३; १५० मधून वजा केले की ४७. प्रोब जॉबपासून ४७ मिमीवर ठेवला की फोकस बरोबर सांध्यावर पडतो. सोबत आणखी एक गोष्ट तपासा: पाण्यातला मार्ग जॉबच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त हवा, नाहीतर वरच्या पृष्ठभागाचा दुसरा एको जॉबच्या आत येऊन बसतो आणि नवखा माणूस त्याला दोष म्हणून लाल गोल करतो.

टाकीतलं पाणी भरल्या भरल्या वापरू नका. नळाच्या पाण्यातले बुडबुडे जॉबला चिकटतात आणि प्रत्येक बुडबुडा हा यूटीच्या दृष्टीने सुरेख दोष असतो. पाणी रात्रभर राहू द्या, जॉबवरून हात फिरवा, मग सुरू करा.

पायरी ५: ब्लॉक. इथे घाई नको

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. रिकामा पडदा म्हणजे "दोष नाही" असं होत नाही. दोष असता तर तो दिसला असता, हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध करतो ब्लॉक, म्हणजे ज्ञात मापाची छिद्रं पाडलेला नमुना.

ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा तयार ब्लॉक इथे पुरत नाही. तोच मिश्रधातू, तोच बार, त्याच मशीनवर तसाच वेल्ड केलेला तुकडा घ्या. मागच्या टोकाकडून सपाट तळाची छिद्रं पाडा, अशी की त्यांचा तळ बरोबर सांध्याच्या रेषेवर येईल. एक केंद्रात, एक अर्ध्या त्रिज्येवर, एक कडेजवळ. मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात सांगतात: नंबर २ म्हणजे ०.८ मिमी, नंबर ३ म्हणजे १.२ मिमी. एवढं बारीक आणि खोल छिद्र टायटॅनियममध्ये ड्रिलने सपाट तळाचं होत नाही, ड्रिल तुटतं. ते ईडीएमवर, म्हणजे ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या मशीनवर, करून घ्यावं लागतं. खर्चिक आहे, मान्य. पण ब्लॉक नसताना केलेली तपासणी म्हणजे अंदाज.

नंबर २ च्या छिद्राचा एको पडद्याच्या ८० टक्क्यांवर आणा. तो तुमचा संदर्भ. मग जॉबवर जा आणि ब्लॉकचा व जॉबचा बॅकवॉल सारख्या गेनवर (एको मोठा करण्याच्या सेटिंगवर) ताडून बघा. (ब्लॉकवर छिद्र नसलेली जागा निवडा.) जॉबचा २-३ डीबी कमी आला तर तेवढा गेन वाढवा. ६ डीबीहून जास्त फरक असेल तर गेनचं बटण सोडा आणि पृष्ठभाग किंवा माल का वेगळा आहे ते शोधा. ६ डीबी म्हणजे निम्मा आवाज हरवलाय.

नंबर १ चं छिद्र दिसेल का, असं कुणीतरी विचारतंच. व्यास निम्मा, क्षेत्रफळ पाव, एको १२ डीबीने खाली. ८० टक्क्यांचा २० टक्के होईल. तुमच्या मालाचं गवतच, म्हणजे कणांकडून येणारा बारीक गोंगाटच, १५ टक्के असेल तर उत्तर तुम्हीच द्या.

पायरी ६: स्कॅन

टोकावरून, सरळ बीमने. सांध्याची पातळी अक्षाला काटकोनात असल्याने बीम तिच्यावर सपाट आदळतो. न जुळलेली जागा आरशासारखी परत बोलते. एका ओळीपासून दुसरी ओळ बीमच्या रुंदीच्या अर्ध्याहून लांब नको. गेट सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर ठेवा, कारण बर्न-ऑफ प्रत्येक जॉबला तंतोतंत सारखा नसतो. टाकीत असाल तर गेट वरच्या पृष्ठभागाच्या एकोला बांधा, म्हणजे जॉब थोडा कलला तरी खोली चुकत नाही.

बारमध्ये बॅकवॉलनंतर साधारण ३३ मिमीवर एक जादा एको उगवेल. बाजूच्या भिंतीवर सरळ लहर आडवी होऊन पलीकडे जाते आणि परत सरळ होते, तिचा तो उशीर. बॅकवॉलच्या नंतर आहे, दुर्लक्ष करा.

टोकाला हात पोचत नसेल तर बाजूने कोनातला प्रोब लावावा लागतो आणि इथे सावध राहा. सांधा उभा आणि गुळगुळीत; ४५ अंशांतला बीम त्याच्यावर आपटून पुढे निघून जातो, प्रोबकडे परत येत नाही. पृष्ठभागाला येऊन भिडलेला दोष कोपऱ्यामुळे दिसतो, आतला दिसत नाही. आतल्यासाठी दोन प्रोब, एक पाठवणारा आणि एक घेणारा, मागे-पुढे लावावे लागतात. एकाच कोनातल्या प्रोबने फिरून "आतून स्वच्छ" असं लिहिलेला रिपोर्ट मी मान्य करत नाही.

फेज्ड ॲरे, म्हणजे अनेक छोट्या घटकांचा प्रोब, मिळाला तर काम झपाट्याने होतं. वरच्या पायऱ्या मात्र त्यालाही चुकत नाहीत.

पायरी ७: गवत वाचायला शिका

स्टीलवाल्यांना गवत म्हणजे कटकट वाटते. टायटॅनियममध्ये गवत हीच अर्धी माहिती असते. मूळ बारमध्ये एकाच दिशेने झुकलेल्या कणांचे गट असतात, त्यांना मॅक्रोझोन म्हणतात. ते आवाज परत फेकतात. वेल्डच्या रेषेवर मात्र धातू मळला जाऊन आणि झटक्यात थंड होऊन अतिशय बारीक कणांचा होतो. परिणाम असा, की चांगला सांधा बऱ्याचदा आजूबाजूच्या धातूपेक्षा शांत दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कपलिंग, म्हणजे प्रोब आणि जॉबमधला संपर्क, सुटलं. सुटलेलं नाही, बॅकवॉल बघा, जागेवर आहे. त्या शांत पट्ट्यातच बारीक एको उठला तर तो मूळ धातूतल्या तेवढ्याच एकोपेक्षा जास्त गांभीर्याने घ्या.

हे मॅक्रोझोन नुसते आवाजाचे नाहीत. ३० सप्टेंबर २०१७ रोजी एअर फ्रान्सच्या ए३८० विमानाच्या एका इंजिनाचा फॅन हब ग्रीनलँडवर आकाशात फुटला. फ्रेंच तपासयंत्रणेला भेगेचं मूळ पृष्ठभागाखालच्या अशाच एका मॅक्रोझोनमध्ये सापडलं. तो हब सिक्स-फोरचा होता, वेल्डचा नव्हे, पण माल तोच.

एको आला तर गडबडून जाऊ नका. पुसा, प्रोबखालची जेली पुन्हा लावा, पुन्हा बघा. दुसऱ्या टोकावरून बघा. खरा दोष तिकडूनही ५७ वरच येईल. प्रोब हलवत एको निम्मा होतो त्या खुणा करून आकार काढा. दोष बीमपेक्षा लहान असेल तर ही पद्धत दोषाचा नाही, बीमचाच आकार सांगते. तेव्हा ब्लॉकच्या छिद्राशी उंची ताडून "नंबर २ च्या तोडीचा" एवढंच लिहा.

जोड वेगळ्या धातूंचा असेल, म्हणजे टायटॅनियम-स्टील, तर निर्दोष सांध्यातूनही सुमारे चौथा हिस्सा आवाज परत येतो, कारण दोन धातूंचा ध्वनिक अडथळाच वेगळा. तिथे "एको आहे की नाही" हा प्रश्न नसतो, "नेहमीपेक्षा किती जास्त" हा असतो.

पायरी ८: यूटीला जे ऐकू येत नाही

हवेची हजारांश मिलिमीटरची फट जवळजवळ सगळा आवाज परत फेकते. ती सापडते. पण ऑक्साइडचा पातळ थर दोन्हीकडे घट्ट चिकटून बसला असेल तर आवाज त्यातून आरपार जातो. सांधा कमकुवत, पडदा स्वच्छ. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी इथे डीसी-१० कोसळलं, शंभराहून जास्त माणसं गेली. फॅन डिस्कच्या टायटॅनियममध्ये नायट्रोजनने कडक झालेला एक कण होता. तपासात असं मत आलं की त्या जागची पोकळी शेवटच्या मशिनिंग किंवा शॉट पीनिंगच्या (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) वेळी तयार झाली असावी. त्याआधी तो कण धातूला चिकटलेलाच असेल तर यूटीला धड पकडण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून यूटीचा रिपोर्ट एकटा ठेवू नका. शेजारी बर्न-ऑफची नोंद ठेवा. बर्न-ऑफ ठरल्यापेक्षा कमी आणि पडदा स्वच्छ, अशी जोडी दिसली तर मी जॉब थांबवतो, मग प्रॉडक्शन कितीही ओरडो. त्या लॉटमधला एक तुकडा वाकवून किंवा ओढून तोडायचा आणि एक कापून मायक्रोस्कोपखाली बघायचा. कडेच्या आंधळ्या भागासाठी अंतिम मशिनिंगनंतर पेनेट्रंट (भेगांत शिरणाऱ्या द्रवाने तपासणी), तेही एच केल्यावरच. कापताना टायटॅनियम पसरतं आणि भेगेचं तोंड लिंपतं. एचिंगच्या मिश्रणात हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. ते काम शिकलेल्या माणसाचं आहे, नवख्याने तिकडे फिरकू नये.

पायरी ९: लिहा आणि पुसा

रिपोर्टमध्ये प्रोबचा नंबर, ब्लॉकचा नंबर, मोजलेला वेग, गेन, पाण्याचा मार्ग, गेटची खोली आणि गवताची पातळी लिहा. शेवटचं बहुतेक जण गाळतात, पण त्यावरूनच पुढचा माणूस ठरवतो की तुम्हाला काय दिसू शकत होतं. निकालावर सही लेव्हल २ ची, म्हणजे तपासनीसाच्या दुसऱ्या पात्रता-पातळीच्या माणसाची, हवी. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगचे लेव्हलचे कोर्स आहेत; विमानाच्या कामाला मात्र नॅस ४१० किंवा ईएन ४१७९ या मानकांप्रमाणे कंपनीची मान्यता लागते.

आणि जेली पुसा. वेल्डनंतर स्ट्रेस रिलीफसाठी, म्हणजे आतला ताण घालवायला, जॉब ४८० ते ६५० अंशांच्या भट्टीत जाणार असेल, तर पृष्ठभागावर राहिलेलं क्लोराइड तापलेल्या टायटॅनियमला भेगा पाडू शकतं. पुसायला मिथेनॉल वापरू नका. १९६६ मध्ये अपोलो यानाची सिक्स-फोरची इंधनटाकी दाबचाचणीत फुटली, ती इंधनाऐवजी मिथेनॉल भरल्यामुळे. ॲसिटोन घ्या, स्वच्छ कापड घ्या, हातमोजे घाला. आणि जेलीच्या डब्यावर हॅलोजन-मुक्त असं लिहिलेलं नसेल तर तो डबा टायटॅनियमच्या टेबलावर ठेवूच नका.